चुनखडीचा पांढरा आणि कॅमेऱ्यातले नऊ आकडे

१) येरमाळा हे धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्याचे, सोलापूर-धुळे महामार्गावरचे गाव. गावालगतच्या डोंगरावर येडेश्वरी देवीचे मंदिर आहे. चैत्र पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगर उतरून आमराईकडे निघते आणि वाटेतल्या चुन्याच्या रानात भाविक मातीतून चुनखडीचे पांढरे खडे वेचतात.

२) त्या रानाकडे केवळ रंगांच्या दृष्टीने पाहा. पायाखाली माती, हातात पांढरा खडा, कपाळावर हळद-कुंकू, मनगटात हिरवा चुडा, वर चैत्रातले आभाळ आणि भोवती उन्हाने रापलेले चेहरे. डोळ्याला यात काहीच अवघड वाटत नाही. आज अशा यात्रांमध्ये खांबांवर कॅमेरे असतात, हातोहाती फोन असतात, डोक्यावर ड्रोन फिरत असतो. या लहान कॅमेऱ्यांना मात्र हे दृश्य रंगांत दिसत नाही. त्यांना केवळ आकडे दिसतात.

३) त्या आकड्यांचे रंग करणारा एक छोटा हिशोब प्रत्येक कॅमेऱ्याच्या पोटात दडलेला असतो. तीन ओळी, तीन स्तंभ, एकूण नऊ आकडे. गणितात अशा मांडणीला सारणी किंवा मॅट्रिक्स म्हणतात; कॅमेऱ्यातल्या या सारणीला रंगसुधार सारणी म्हणू. हे नऊ आकडे कोठून आले, ते कोणी ठरवले आणि ते चुकले तर कोणाचे काय बिघडते, हा आजच्या धाग्याचा विषय.

४) आरंभ डोळ्यापासून करावा लागतो. प्रकाशात असंख्य तरंगलांबी असतात. पण डोळ्यात त्या प्रत्येकीसाठी वेगळी यंत्रणा असणे शक्य नाही. १८०१ साली इंग्लंडमधील थॉमस यंग याने असा तर्क मांडला की डोळ्यात केवळ तीन प्रकारचे ग्राहक असावेत आणि सगळे रंग त्यांच्या कमी-अधिक प्रतिसादातून घडत असावेत. पुढे जर्मनीत हेल्महोल्ट्झ याने हा विचार विस्तारला. रंग तीन आकड्यांत सांगता येतो, ही कल्पना येथून आली.

५) १८५३ साली हेरमान ग्रासमान या जर्मन गणितज्ञाने त्याला नियमाचे रूप दिले: प्रकाश एकमेकांत मिसळले की त्यांचे रंग साध्या बेरजेने आणि पटीने वागतात. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८५८ मध्ये, आर्थर केली याने सारण्यांच्या गणितावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. एकाने रंगाला बेरीज-पट शिकवली, दुसऱ्याने बेरीज-पट लिहिण्याची आटोपशीर रीत दिली. कॅमेऱ्यातल्या नऊ आकड्यांचे हे दोन पूर्वज.

६) १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने चौकटीच्या स्कॉटिश फितीची रंगीत प्रतिमा पडद्यावर दाखवली. थॉमस सटन या छायाचित्रकाराने ती फीत लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून वेगवेगळी टिपली होती. तीन काचा तीन दिव्यांनी एकावर एक पाडल्या आणि रंग उमटले. रंगीत छायाचित्रणाचा इतिहास बहुतेक वेळा या दिवसापासून सांगतात.

७) या कथेत एक मेख आहे. त्या काळची छायाचित्रण-रसायने लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती. मग लाल गाळणीमागच्या काचेवर चित्र उमटले कसे? बरोबर शंभर वर्षांनी, १९६१ साली, कोडॅकच्या राल्फ इव्हान्स याने त्याचे उत्तर दिले. फितीचा लाल रंग अतिनील किरणही परावर्तित करत होता, ते किरण त्या गाळणीतून पार होत होते आणि काचेवर तेच टिपले गेले. म्हणजे मॅक्सवेलच्या कॅमेऱ्याने लाल पाहिलाच नव्हता. त्याने भलतेच काही पाहिले आणि योगायोगाने उत्तर बरोबर आले.

८) रंगसुधाराचा सगळा प्रश्न या एका प्रसंगात आहे. कॅमेऱ्याची दृष्टी आणि माणसाची दृष्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९२७ साली जर्मनीतील रॉबर्ट लूथर याने याची नेमकी अट मांडली: कॅमेऱ्याच्या तीन संवेदनशीलता डोळ्याच्या तीन संवेदनशीलतांपासून केवळ बेरीज-पटीने मिळत असतील, तरच एका सारणीने कॅमेऱ्याचे आकडे डोळ्याच्या आकड्यांत अचूक बदलता येतात. व्यवहारातला कोणताही साधा कॅमेरा ही अट पूर्णपणे पाळत नाही. म्हणून प्रत्येक रंगसुधार सारणी ही मुळात एक तडजोड असते.

९) तडजोड करायची तर समोर ध्येय हवे. ‘डोळा’ म्हणजे नेमका कोणाचा डोळा? १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये डब्ल्यू. डी. राइट याने १० आणि जॉन गिल्ड याने ७ निरीक्षकांवर रंग जुळवण्याचे प्रयोग केले. त्या १७ जणांच्या मापांवरून आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ साली ‘प्रमाण निरीक्षक’ ठरवला. आज येरमाळ्याच्या यात्रेत उघडणाऱ्या प्रत्येक फोनमधील रंगाचा हिशोब अखेरीस त्या १७ जणांच्या सरासरी डोळ्यापर्यंत जाऊन पोहोचतो.

१०) आता महाराष्ट्रात येऊ. रंग दुरुस्त करण्याचे काम येथे कॅमेऱ्याच्या आधी छापखान्यात सुरू झाले. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके छपाईच्या व्यवसायात होते आणि १९०९ साली ते रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीला गेले होते. तीन रंगांचे तीन ठसे काढून एकावर एक छापायचे, हे तत्त्व मॅक्सवेलचेच. पण छापखान्यातल्या माणसाला लवकरच कळते की शाई प्रामाणिक नसते.

११) निळसर शाईने केवळ लाल प्रकाश शोषावा अशी अपेक्षा असते, प्रत्यक्षात ती हिरवा आणि निळाही थोडाथोडा गिळते. त्यामुळे जेथे निळसर शाई पडते तेथे किरमिजी शाई थोडी कमी करावी लागते. कारागीर हे काम ठशावर हाताने, आम्लाने खोदून करत. पुढे छायाचित्रांचे मुखवटे वापरून तेच करता येऊ लागले: एका रंगाच्या काचेवर दुसऱ्या रंगाची फिकट उलटी प्रतिमा ठेवायची. उलटी प्रतिमा ठेवणे म्हणजे वजाबाकी करणे. रंगसुधार सारणीत आज जे उणे आकडे दिसतात, त्यांचा हा हातमागावरचा अवतार.

१२) हा हिशोब हातातून सुटला की काय होते, याचे उदाहरण आपल्या चित्रपटसृष्टीत आहे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचे धाडस केले. १९३३ साली त्याच्या रंगीत प्रतींचे काम जर्मनीत करवून घेतले गेले. पण हाती आलेल्या प्रतींत रंग अपेक्षेप्रमाणे उतरले नव्हते. त्यामुळे देशात तयार झालेल्या पहिल्या रंगीत चित्रपटाचा मान सामान्यतः आर्देशिर इराणी यांच्या इम्पीरियल कंपनीच्या ‘किसान कन्या’ला, म्हणजे १९३७ च्या चित्रपटाला दिला जातो. अभिनय, नेपथ्य, वेशभूषा सगळे येथले. रंगाचा निर्णय मात्र दूरच्या प्रयोगशाळेत झाला.

१३) दुसरे उदाहरण तुमच्या घरातल्या कपाटात असेल. जुन्या लग्नाच्या फोटोंसोबत पाकिटात येणाऱ्या निगेटिव्ह पट्ट्या आठवा. त्या नारिंगी का असत? कोडॅकमधील डब्ल्यू. टी. हॅन्सन याने फिल्मच्या रंगद्रव्यांतील अशुद्धपणा खोडण्यासाठी मुद्दाम रंगीत रसायने घातली. जेथे चित्र उमटते तेथे तो नारिंगी थर नेमक्या प्रमाणात नाहीसा होतो आणि अनावश्यक शोषण भरून निघते. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून ही फिल्म बाजारात आली. ती नारिंगी छटा म्हणजे रसायनाने लिहिलेली रंगसुधार सारणीच होती.

१४) तिसरा टप्पा दूरचित्रवाणीचा. रंगीत टीव्हीच्या कॅमेऱ्यांत हीच वजाबाकी विजेने होई. एका रंगाच्या संकेतातून दुसऱ्याचा काही अंश रोधकांच्या जोडणीतून वजा केला जाई आणि अभियंते त्या मंडलाला सरळ ‘मॅट्रिक्स’ म्हणत. १९८२ साली दूरदर्शनवर रंग आले, तेव्हा घराघरांत पोहोचलेल्या प्रत्येक चेहऱ्याच्या वर्णामागे ही वजाबाकी होती. ठसा, रसायन, वीज: माध्यम बदलत गेले, हिशोब तोच राहिला.

१५) आता लहान कॅमेऱ्याचा जन्म. डिसेंबर १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन याने पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा चालवून दाखवला. त्याची प्रतिमा कृष्णधवल आणि केवळ १०,००० बिंदूंची होती. त्याच कंपनीतील ब्राइस बायर याने रंगाचा मार्ग काढला. एकाच चिपवर प्रत्येक बिंदूसमोर एक चिमुकली गाळणी बसवायची: चार बिंदूंत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अनुमानाने भरायचे. आजही बहुतेक फोन आणि पाळत-कॅमेरे याच मांडणीवर चालतात.

१६) बायरला त्याचे पेटंट मिळाले तो दिवस २० जुलै १९७६. त्याच दिवशी व्हायकिंग १ हे यान मंगळावर उतरले. दुसऱ्या दिवशी तेथून पहिले रंगीत चित्र आले, ते घाईने तयार झाले आणि त्यात मंगळाचे आकाश निळसर दिसले. पृथ्वीसारखेच! पण यानाच्या कॅमेऱ्यातील रंगगाळण्यांतून अवरक्त प्रकाशही झिरपत होता. यानावरच रंगाचे नमुनाफलक बसवलेले होते. त्यांचे पृथ्वीवर मोजलेले रंग आणि मंगळावरून आलेले आकडे जुळवून हिशोब सुधारला, तेव्हा आकाश गुलाबी-तांबूस निघाले. एका ग्रहाचे आभाळ काही आकड्यांवर अवलंबून होते.

१७) भारताच्या मंगळयानावरही रंगीत कॅमेरा होता. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने तो बनवला आणि त्याच्या संवेदकावर बायरचीच मांडणी होती. यान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले. वृत्तपत्रांत छापून आलेला तो तांबूस गोल पाहताना हे आठवावे की तांबूसपणा चिपने मोजला नव्हता. चिपने मोजलेल्या आकड्यांवरून तो हिशोबाने काढला होता.

१८) व्हायकिंगच्या नमुनाफलकाची पृथ्वीवरची आवृत्ती त्याच १९७६ साली आली. मॅकॅमी, मार्कस आणि डेव्हिडसन यांनी २४ चौकोनांचा रंगतक्ता प्रसिद्ध केला. त्यात आभाळाचा निळा, पानांचा हिरवा, सहा करडे-पांढरे चौकोन आणि मानवी त्वचेचे दोन नमुने आहेत: एक सावळा, एक उजळ. नव्या कॅमेऱ्याची सारणी ठरवताना अभियंते आजही हा किंवा असाच तक्ता समोर ठेवतात.

१९) पद्धत अशी. ज्ञात प्रकाशात तक्त्याचा फोटो काढायचा. प्रत्येक चौकोनाचे कॅमेऱ्याने दिलेले तीन आकडे घ्यायचे आणि प्रमाण निरीक्षकानुसार यायला हवेत ते तीन आकडे शेजारी लिहायचे. मग असे नऊ आकडे शोधायचे की २४ चौकोनांवरच्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी व्हावी. ही लघुतम वर्गांची पद्धत लेजांद्रने १८०५ साली प्रसिद्ध केली होती, धूमकेतूंच्या कक्षा काढण्यासाठी. चूक नाहीशी होत नाही. ती २४ चौकोनांत वाटली जाते. कोणाच्या वाट्याला किती येते, हा पुढचा प्रश्न.

२०) प्रत्यक्ष हिशोब करून पाहू. समजा सारणी अशी आहे. पहिली ओळ: १.६, −०.४, −०.२. दुसरी ओळ: −०.३, १.५, −०.२. तिसरी ओळ: ०, −०.५, १.५. कुंकवाच्या एका बिंदूचे कॅमेऱ्याने दिलेले आकडे लाल १२०, हिरवा ६०, निळा ५० आहेत. नुसते हे आकडे दाखवले तर कुंकू विटकरी, मळकट दिसेल. पहिल्या ओळीने गुणले की लाल होतो १९२ − २४ − १० = १५८. तसाच हिरवा ४४ आणि निळा ४५ होतो. मळकटपणा वजा झाला, कुंकू कुंकवासारखे झाले.

२१) आता चुनखडीचा खडा. त्याचे तीनही आकडे १०० धरू. प्रत्येक ओळीची बेरीज १ आहे हे लक्षात घ्या, म्हणून उत्तर पुन्हा १००, १००, १०० येते. पांढरा पांढराच राहतो. ही सारणीची पाळायची पहिली मर्यादा: बाकीचे रंग हवे तितके हलवा, पांढऱ्याला हात लावू नका. मात्र मुळात पांढरा कोणता, हे सारणीच्या आधीच्या पायरीत ठरते. तेथे प्रकाशाचा कल ओळखून तीन रंगांना वेगवेगळ्या पटीने समतोल करतात. योहानेस फॉन क्रीस याने १९०२ साली मांडलेल्या कल्पनेचे हे यांत्रिक रूप.

२२) म्हणजे कॅमेऱ्याचे पहिले काम चुन्याच्या रानातल्या भाविकाचेच आहे: समोरच्या पसाऱ्यातून पांढरा वेचणे. त्यात एक अडचण आहे. चुनखडीचा खडा निखळ पांढरा नसतो. त्यात मातकट, पिवळसर झाक असते. कॅमेऱ्याने त्यालाच शुद्ध पांढरा मानले तर ती झाक खोडण्यासाठी तो सगळ्या दृश्यात थोडा निळा मिसळतो. खडा स्वच्छ दिसतो आणि चेहरे निस्तेज होतात. आरंभीच्या चुकीची किंमत शेवटी भलत्यालाच मोजावी लागते.

२३) हळदीची गत आणखी निराळी. तिच्या एका बिंदूचे आकडे २००, १५०, २० धरू. त्याच सारणीने लाल येतो २५६ आणि निळा येतो उणे ४५. पण चित्रात आकडे ० ते २५५ यांच्या बाहेर जाऊ शकत नाहीत. म्हणून लाल २५५ वर छाटला जातो आणि निळा ० वर आणला जातो. शेजारचा थोडा गडद कणही याच भिंतींना आपटून सपाट होतो. हळदीची रास फोटोत पोत हरवून पिवळ्या रंगाच्या थप्प्यासारखी दिसते, त्याचे एक कारण हे.

२४) हे सारे स्वस्त, छोट्या उपकरणात घडते तेव्हा आणखी एक बारकावा येतो. अशा चिपमध्ये दशांशांचे गणित महाग पडते, म्हणून १ ऐवजी २५६ धरून पूर्णांकांत काम करतात. मग १.६ चे होतात ४०९.६, म्हणजे जवळचा पूर्णांक ४१०; −०.४ चे −१०२ आणि −०.२ चे −५१. बेरीज करा: २५७. ती २५६ हवी होती! एवढ्याशा फरकाने पांढऱ्यात लालसर झाक शिरते. जाणता अभियंता ४१० च्या जागी ४०९ लिहितो. नियम एकेका आकड्याच्या अचूकतेपेक्षा ओळीच्या बेरजेला मान देतो.

२५) कष्टाचाही हिशोब पाहा. एका बिंदूला ९ गुणाकार आणि ६ बेरजा. १९२० × १०८० बिंदूंच्या चित्रात २०,७३,६०० बिंदू. सेकंदाला ३० चित्रे. म्हणजे दर सेकंदाला सुमारे ५६ कोटी गुणाकार, तेही खांबावरच्या तापलेल्या पेटीत. म्हणून हे काम सर्वसाधारण प्रोसेसरवर न सोपवता चिपमध्ये त्यासाठीच कोरलेल्या मंडलाकडे देतात. त्या मंडलाला फक्त नऊ आकडे पुरवावे लागतात. ते पुरवणारी फाइल कारखान्यात लिहिली जाते आणि बहुधा ती कोणी पुन्हा उघडत नाही.

२६) दिवस मावळला की सारणी उलटू लागते. तिच्यातले मोठे आकडे रंगाबरोबर संवेदकाचा दाणेदारपणाही वाढवतात. वरच्या उदाहरणात लाल रंगाचा दाणा सुमारे १.६६ पट होतो. म्हणून अंधारात कॅमेरे मुद्दाम सौम्य सारणी वापरतात आणि चित्र फिके पडते. रात्री पाळत-कॅमेरे अवरक्त रोखणारी गाळणी बाजूला सारून कृष्णधवल होतात. ती गाळणी दिवसा अडकून राहिली तर काळे कापड जांभळट दिसते, कारण अनेक काळे रंग अवरक्त प्रकाश परतवतात. मॅक्सवेलची फीत आणि व्हायकिंगचे आकाश, दोन्ही येथे पुन्हा भेटतात.

२७) प्रकाश बदलला की सारणीही बदलावी लागते. २०१२ साली आलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या कॅमेऱ्यासाठी लिहिलेल्या फाइलीत प्रकाशाच्या रंगतापमानानुसार अनेक सारण्या असतात आणि मधल्या प्रकाशासाठी दोहोंच्या दरम्यानची काढली जाते. तरीही एक सीमा आहे. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा जवळजवळ सगळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असतो. त्याखाली हळद आणि चुनखडी दोन्ही सारख्याच पिवळ्या. जो रंग प्रकाशातच नाही तो कोणतीही सारणी परत आणू शकत नाही.

२८) आता चूक कोणाच्या वाट्याला येते ते पाहू. विसाव्या शतकात फोटो प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी कोडॅककडून संदर्भ-कार्डे येत आणि त्यांवर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. ‘शर्ली कार्ड’ हे त्यांचे रूढ नाव. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली या इतिहासावर सविस्तर लिहिले. फिल्मने गडद छटा नीट टिपाव्यात म्हणून चॉकलेट आणि लाकडी सामानाच्या उत्पादकांच्या तक्रारीही कारणीभूत ठरल्या, हे त्यांच्या अभ्यासातले टोचणारे निरीक्षण. माणसांच्या वर्णाआधी लाकडाच्या छटेची दखल घेतली गेली.

२९) सारणीतही तोच धोका आहे. २४ चौकोनांत सावळ्या त्वचेचा नमुना एकच. चुकांची वाटणी करताना आभाळ आणि गवत चकचकीत दिसावे म्हणून त्याच्यावर थोडी अधिक चूक ढकलली, तर बेरीज तरीही सुंदर दिसते. विक्रीसाठीच्या कॅमेऱ्यांत रंग खरा असण्यापेक्षा आवडेल असा ठेवण्याकडे कल असतो. मग चैत्राच्या उन्हात दिवसभर चाललेल्या बाईचा चेहरा उजळ तरी होतो किंवा राखाडी तरी. तिचा स्वतःचा वर्ण मात्र उरत नाही. आणि हे कोणी द्वेषाने केलेले नसते, एका फाइलीत कोणीतरी कधीतरी लिहून ठेवलेले असते.

३०) हा प्रश्न केवळ यात्रेच्या आठवणींचा नाही. येरमाळ्याच्या भोवतीचा मुलूख सोयाबीनचा. पाने पिवळी पडली की शेतकरी फोटो काढून सल्लागाराला पाठवतो. पिवळेपणा शिरांमध्ये आहे की ठिपक्यांत, तो पिवळ्या मोझॅकचा आहे की लोहाच्या कमतरतेचा, हे त्या फोटोतल्या छटेवर ठरते. फोनच्या सारणीने हिरवा खुलवण्याचा विडा उचललेला असेल, तर आजारी पान निरोगी भासते. जखमेचा फोटो पाहणारा डॉक्टर आणि सदऱ्याच्या रंगावरून माणूस शोधणारा पोलीस, दोघेही नकळत त्याच नऊ आकड्यांवर विसंबलेले असतात.

३१) इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक शिस्त घ्यावी लागते. जुने रंगीत छायाचित्र पुरावा म्हणून वापरताना ते कोणत्या फिल्मवर, कोणत्या प्रकाशात टिपले हे आपण विचारतो. उद्या आजच्या यात्रेची डिजिटल छायाचित्रे पुरावा ठरतील, तेव्हा कोणती सारणी, कोणता पांढरा, हे विचारावे लागेल. शक्य असेल तेथे कॅमेऱ्याची मूळ, अप्रक्रियित फाइल जपावी. तिच्यात संवेदकाचे आकडे शाबूत असतात आणि हिशोब पुन्हा मांडता येतो. जेपीईजी प्रतीत निकाल उरतो, हिशोब उरत नाही.

३२) आणि ज्याला एवढे शक्य नाही त्याच्यासाठी जुना, सोपा उपाय आहे. पीक, जखम, जुने वस्त्र, हस्तलिखित, जे काही रंगासाठी टिपायचे त्याच्याशेजारी त्याच प्रकाशात एक करडा किंवा पांढरा, बिनचकाकीचा कागद ठेवून एक फोटो घ्यावा. व्हायकिंगने मंगळावर नेला तो फलक आणि हा कागद यांचे काम एकच: पुढच्या वाचणाऱ्याला चूक मोजता यावी. खडा वापरला तरी चालेल, पण मग तो जपून ठेवावा लागेल, कारण त्याचा पांढरा त्याचा एकट्याचा असतो.

३३) येडाईच्या यात्रेची नारिंगी निगेटिव्हवर टिपलेली छायाचित्रे अनेक घरांत असतील. वाचकांनी ती पाकिटे फेकू नयेत. छापील फोटोचा रंग उडाला तरी निगेटिव्हच्या थरांत त्या दिवसाचा हिशोब बराचसा टिकून असतो आणि आजच्या साधनांनी तो पुन्हा उलगडता येतो. ज्यांच्याकडे अशा पट्ट्या आहेत त्यांनी वर्ष आणि प्रसंग लिहून त्या कोरड्या जागी ठेवाव्यात. धागा येथे संपला.